सिझनच्या सुरुवातीचे पायथ्याचे ट्रेल आणि ट्यूबलेस टायर, भरपूर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येते. सिझन सुरू होताना एमटीबीवर, म्हणजे माउंटन बाईकवर, एकच गोष्ट बदलायची असेल तर टायर बदला आणि ट्यूबलेस करून घ्या. फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) नंतर, गिअर नंतर, कार्बनचं हँडल तर खूपच नंतर. सायकलीचा जमिनीशी संबंध फक्त दोन टायरच्या तळव्याएवढ्या जागेतून येतो आणि सिझनच्या सुरुवातीला ती जमीन जितकी लहरी असते तितकी वर्षभरात कधी नसते, त्यामुळे त्या दोन जागांवर लक्ष दिलं की बाकी साधी सायकलसुद्धा सुरेख चालते.

आधी काय वापरलंय ते सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. साधी २९ इंच चाकांची ॲल्युमिनियमची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल), पुढे १२० मिमी दबणारा फोर्क, रिमची आतली रुंदी ३० मिमी. पुढे २.४ इंचाचा उंच नॉबचा (नॉब म्हणजे टायरवरचे रबरी उंचवटे), मऊ रबरचा ट्रेल टायर, मागे तेवढाच रुंद पण मधले नॉब बुटके आणि जवळजवळ असलेला, थोड्या कडक रबरचा टायर. दोन्ही ट्यूबलेस, आत लेटेक्सचं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारं द्रव. कंपनीचं नाव मुद्दामच देत नाहीये कारण हा रिव्ह्यू कंपनीचा नाही, या प्रकारच्या सेटअपचा आहे आणि या मापाचे, या ठेवणीचे टायर आता सगळ्या मोठ्या कंपन्या बनवतात. गेल्या सिझनच्या शेवटी बसवले, मधे सायकल बराच काळ उभी होती आणि या सिझनला अगदी पहिल्या राइडपासून हेच चालवतेय.

आता जमिनीबद्दल, कारण ती समजली नाही तर टायरचा रिव्ह्यू निरर्थक आहे. वरच्या डोंगरात अजून बर्फ असतं तेव्हा खाली पायथ्याचे ट्रेल उघडे पडायला लागतात, म्हणून सगळे पहिल्यांदा तिथेच जातात. पण उघडे पडले म्हणजे तयार झाले असं नाही. मातीतलं पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, शिवाय खालून ओढलं गेलेलं पाणी गोठून बर्फाचे थर साचतात, त्याने माती आतून उचलली जाते आणि बर्फ वितळलं की तीच माती भुसभुशीत होऊन राहते, वर चाललं की दबते. सकाळी कडक थंडी असेल तर ट्रेल दगडासारखा टणक, दुपार झाली की वरची बोटभर माती वितळलेली आणि खालचा थर मात्र अजून गोठलेलाच, म्हणजे वरचं पाणी खाली मुरायला जागाच नाही, सगळं वरच साचतं. अशा ठिकाणी ओल्या फरशीवर तेल सांडल्यासारखं होतं, चाक कुठे जाईल सांगता येत नाही.

आणि हे सगळ्या ट्रेलवर एकसारखं असतं तर सोपं होतं. उन्हाकडे तोंड असलेला उतार आधी सुकतो, तिथे मुरूम सुटा होऊन खालच्या कडक जमिनीवर पसरलेला असतो. तिथून वळण घेऊन सावलीच्या अंगाला गेलं की काळी चिकट माती, त्याच्या पुढे झाडीत ओली पानं आणि पानांखाली लपलेली मुळं. भरीला थंडीत सुटून आलेले नवे दगड, मोडून पडलेल्या फांद्या, पाण्याने खचलेल्या वळणांच्या कडा. गेल्या वर्षी डोळे मिटून घ्यायचो ती लाइन यंदा आहे तशीच असेल याची खात्री नाही. एकाच राइडमधे कोरडी खडी, ओला दगड, मऊ माती सगळं मिळतं, म्हणून एकाच प्रकारात हुशार असलेला टायर इथे उपयोगाचा नाही. नुसत्या चिखलाचा काटेरी टायर कडक जमिनीवर डगमगतो, रेसिंगचा गुळगुळीत टायर पहिल्याच ओल्या वळणावर सोडून देतो.

पुढच्या टायरपासून सुरुवात करते कारण खरा फरक तिथेच पडलाय. मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं, पुढचं घसरलं की आपण थेट जमिनीवर. या टायरचे कडेचे नॉब मोठे, चौकोनी, एकमेकांपासून लांब आहेत आणि मधल्या रांगा आणि कडेच्या रांगा यांच्यात थोडी मोकळी जागा आहे. सुट्या मुरमावर वळताना सायकल कलती केली की ते कडेचे नॉब वरची खडी बाजूला ढकलून खालच्या कडक जमिनीत रुततात आणि तो क्षण हातात कळतो, हँडल जरा जड होतं आणि सायकल वळणाला चिकटते. मात्र सायकल कलती करावीच लागते. नुसतं हँडल वळवून सरळ बसून राहिलात तर मधल्या मोकळ्या जागेवर टायर थोडा तरंगतो, ना मधले नॉब नीट धरत ना कडेचे. नवीन लोकांना हे आधी भीतीदायक वाटतं, शरीर सरळ ठेवून सायकल खाली झोपवायची हे सवयीनेच येतं, म्हणून ज्यांना अजून कलायचा आत्मविश्वास नाही त्यांनी जास्त गोलसर ठेवणीचा, मधल्या जागेतही नॉब असलेला टायर पुढे घ्यावा, तो टोकाला कमी पकड देईल पण मधे कुठे अचानक सोडणार नाही.

रबर मऊ असण्याचं महत्त्व ओल्या दगडांवर आणि मुळांवर कळतं. तिथे नॉबचा आकार फारसं काही करत नाही, ओल्या मुळात रुतणार काय, तिथे रबरच धरतं. रबराचा कडकपणा शोअर ए या मापात सांगतात, ४२ च्या आसपासचं रबर अगदी मऊ, ६० च्या घरातलं चांगलंच टिकाऊ आणि कडक. यात एक गोष्ट सिझनच्या सुरुवातीला हमखास विसरली जाते ती म्हणजे थंडीत रबर अजून कडक होतं. म्हणजे भर उन्हाळ्यात ठीकठाक वाटणारं मध्यम रबर सकाळच्या गारठ्यात प्लास्टिक वाटायला लागतं. म्हणून या दिवसांत पुढे मऊ रबर, यावर माझं मत ठाम आहे. मऊ रबर दगडावरून उसळतही कमी, धक्का थोडा स्वतःत जिरवतं, हार्डटेलवर तर हे फार जाणवतं.

मागचा टायर कमी बोलण्यासारखा आहे, चांगल्या अर्थाने. चढावर बसून पायडल मारताना धरतो, सपाटीवर पटकन पळतो, उतारावर ब्रेक मारल्यावर थोडा सरकतो पण सांगून सरकतो. ओल्या चढावर मात्र त्याचे बुटके नॉब लवकर भरतात आणि चाक जागेवर फिरतं. इथे आपल्या पायांचाही प्रश्न येतो, थंडीभर बसून राहिल्यावर पाय कच्चे असतात, चढावर लगेच उभं राहावंसं वाटतं आणि उभं राहिलं की वजन पुढे जाऊन मागचं चाक हलकं होतं आणि फिरायला लागतं. सर्वात हलका गिअर, सीटच्या टोकावर बसायचं, छाती हँडलकडे झुकवायची आणि पायडल झटक्यात न मारता गोल फिरवत राहायचं, असं केलं की हाच टायर आश्चर्य वाटेल अशा चढावरून वर नेतो.

आता ट्यूबलेस. कल्पना जुनी आहे, माव्हिकने हचिन्सन आणि मिशेलिन यांच्यासोबत १९९९ मधे माउंटन बाईकसाठी यूएसटी नावाची ट्यूबलेस पद्धत आणली, तेव्हा रिम आणि टायर दोन्ही खास लागायचे. पुढे पातळ सीलंट आणि रिम टेप आल्यावर हे सगळं खूप सोपं झालं आणि आता मधल्या दर्जाच्या एमटीबीवरसुद्धा ट्यूबलेसला चालणारे रिम येतात. लोकांना वाटतं याचा मुख्य फायदा पंक्चर कमी होणं किंवा वजन कमी होणं. वजनाचं म्हणाल तर २९ इंचाची साधी ब्युटाइल ट्यूब २०० ग्रॅमच्या आसपास असते आणि सीलंट, टेप, व्हॉल्व्ह मिळून त्याच्या निम्म्याहून जास्त वजन परत येतंच, त्यामुळे त्यासाठी कोणी करू नये.

खरा फायदा कमी हवेवर चालवता येणं हा आहे. ट्यूब असताना हवा कमी ठेवली की दगडावर टायर दबून ट्यूब दगड आणि रिमच्या मधे चिमटली जाते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात, प्रत्येकाने कधी ना कधी हे भोगलेलं असतं, म्हणून आपण घाबरून जास्त हवा भरतो. मी हेच टायर आधी ट्यूब घालून ३० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास चालवून बघितले होते. त्याच खडीच्या उतारावर सायकल दगडादगडावरून उड्या मारत होती, हात बधिर, ब्रेक लावला की चाक लगेच लॉक. ट्यूब काढून हवा उतरवली आणि तोच टायर वेगळाच वाटायला लागला. टायर दगडावर आदळून उडण्याऐवजी त्याच्याभोवती वाकतो, जमिनीवर जास्त नॉब एका वेळी टेकतात, सुट्या मुरमात चाक आपली लाइन सोडत नाही. महागडा फोर्क घेऊन जो फरक शोधत लोक फिरतात त्यातला बराचसा इथेच मिळतो, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

आकडे विचारणार तुम्ही, तर माझं वजन कपडे, पाणी, बॅग धरून ७० किलोच्या जरा वर जातं आणि मी पुढे २० ते २१, मागे २३ ते २४ पीएसआय ठेवते. हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. तुमचं वजन, रिमची रुंदी, टायरच्या बाजूच्या भिंतीची जाडी यावर सगळं अवलंबून आहे. पद्धत अशी ठेवा की थोड्या जास्त हवेपासून सुरुवात करायची, ओळखीच्या छोट्या उतारावर चक्कर मारायची, एक पीएसआय उतरवायची, पुन्हा तीच चक्कर. वळणावर टायर खालून मुरगळल्यासारखा वाटला किंवा दगडावर रिमचा टणक आवाज आला की समजायचं खाली गेलो, तिथून एक-दोन वर. पुढे मागच्यापेक्षा दोन-तीन कमी हे बहुतेकांना चालतं कारण वजन मागे जास्त असतं. आणि यासाठी कमी दाबाचा वेगळा गेज हवाच. उभ्या पंपावरचा काटा १६० पर्यंतचा असतो, त्यावर २० आणि २३ मधला फरक दिसणार कसा, आणि इथे तर दोन पीएसआयने सायकलचा स्वभाव बदलतो.

थंडीचं गणितही ध्यानात ठेवा. घरात २० अंशाला २२ पीएसआय भरून बाहेर शून्य अंशाला गेलात की हवा आकसते आणि तेच टायर साधारण साडेएकोणीसवर येतात, म्हणजे अडीच पीएसआय आपोआप गायब, कुठे गळती नाही काही नाही. लोक मग ट्रेलवर टायर दाबून बघतात आणि सीलंटला शिव्या देतात. सायकल आधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर उभी करायची, टायर गार होऊ द्यायचे आणि मग ट्रेलच्या तोंडाशीच प्रेशर ठरवायचं. दुपारी ऊन चढलं की थोडं परत वाढतं, तेवढं चालतं.

बसवण्याबद्दल खरं ते सांगते, पहिल्यांदा वेळ जातो आणि हात, फरशी, कपडे सगळं पांढरं होतं. रिम टेप हे या सगळ्याचं हृदय आहे आणि लोक नेमकं तिथेच घाई करतात. रिम आतून अल्कोहोलने स्वच्छ पुसायचा, पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिमी जास्त रुंद घ्यायची आणि चांगली ताणून, अंगठ्याने दाबत लावायची, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कुठे हवेचा फुगा राहता कामा नये. मला सुरुवातीला जी टेप मिळाली होती ती ताणलीच जात नव्हती, काही दिवसांत कडेने उचलली गेली आणि सीलंट स्पोकच्या भोकांतून बाहेर यायला लागलं, मग सगळं काढून चांगली टेप लावावी लागली आणि त्यानंतर आजवर तिथून थेंब आलेला नाही. व्हॉल्व्हसाठी भोक बारीकच पाडायचं, टोकदार गरम वस्तूने पाडलं तर टेप फाटत नाही.

टायरची कड रिमवर बसवताना हवा एकदम, जोरात जावी लागते. व्हॉल्व्हचा कोअर (आतला, काढता येणारा भाग) काढून ठेवला तर हवा जास्त वेगाने जाते, कडेला साबणाचं पाणी लावलं तर टायर सरकून पटकन बसतो आणि दोन्ही बाजूंनी ठाक ठाक आवाज आला की काम झालं. माझा मागचा टायर साध्या उभ्या पंपाने बसला, पुढच्याला मात्र हवा साठवून एकदम सोडणारी टाकी लागली. कुठलाही टायर बसवताना त्यावर आणि रिमवर लिहिलेल्या कमाल प्रेशरच्या वर जायचं नाही, दोन्हींपैकी जो आकडा कमी असेल तो मानायचा. बसल्यावर ठरलेलं सीलंट घालायचं, २९ बाय २.४ च्या टायरला ९० ते १२० मिली पुरतं, मग चाक आडवं धरून दोन्ही बाजूंनी हलवायचं आणि एक छोटी चक्कर मारून यायचं. पहिल्या रात्री थोडी हवा उतरते, त्याने घाबरू नका.

सिझनच्या सुरुवातीचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मात्र हा की सीलंट सुकतं. लेटेक्सचं सीलंट हवामानानुसार दोन ते सहा महिने ओलं राहतं आणि नेमका तेवढाच काळ सायकल कोपऱ्यात उभी असते. वरून टायर छान फुगलेला दिसतो आणि आत सीलंटच्या जागी रबराची पातळ कातडी आणि गोळे झालेले असतात, म्हणजे पहिल्या काट्याला काहीही संरक्षण नाही. म्हणून पहिल्या राइडच्या आधी चाक हातात घेऊन कानाशी हलवायचं, आतून खळखळ आली तर बरं, नाही आली तर कोअर काढून बारीक काडी आत घालून बघायची. काडी कोरडी निघाली की पूर्ण सीलंट नव्याने. मी या सिझनला एक टायर उघडून जुनी कातडी सोलून काढली, नवीन सीलंट भरलं आणि व्हॉल्व्हचे कोअर पण बदलले कारण त्यात सीलंट सुकून हवा भरतानाच अडत होती. ज्यांना पहिल्या राइडला हवा जात नाहीये म्हणून पंप बिघडलाय असं वाटतं त्यांनी आधी कोअर बघावा.

पंक्चरचा अनुभवही सांगते. काटे, बारीक तारा, अणकुचीदार खडे यांची भोकं स्वतःच बुजतात, कितीदा तर घरी येऊन टायर पुसताना ओला पांढरा ठिपका दिसतो तेव्हा कळतं की इथे काहीतरी घुसलं होतं. पण थंडीत सुटलेल्या एका ताज्या, धारदार कडेच्या दगडाने मागच्या टायरला नॉबच्या मुळाशी चांगली चीर पडली, सीलंट कारंज्यासारखं उडालं आणि बुजेना. तेव्हा प्लगच कामाला आला. चिकट रबरी दोरी सुईने चिरेत खुपसायची, सुई काढून घ्यायची, टोकं बाहेर थोडी राहू द्यायची, चाक फिरवून सीलंट तिथे पोचू द्यायचं आणि छोट्या पंपाने हवा भरायची. तो प्लग अजून तसाच आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीत मोठी चीर गेली तर मात्र प्लगचा भरवसा नाही, म्हणून ट्यूबलेस झालं तरी एक ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि पंप सोबत हवेतच. ट्यूब घालायची वेळ आली तर आधी टायरच्या आतून हात फिरवून अडकलेले काटे काढा, नाहीतर सीलंटने सांभाळलेले सगळे काटे नव्या ट्यूबला टोचतील. सीओटूचं (कार्बन डायऑक्साइड वायूचं) काडतूस वापरणार असाल तर बऱ्याच लेटेक्स सीलंटच्या गुठळ्या होतात त्याने, त्यामुळे मी साधा हातपंपच ठेवते.

आता चिखल. हा रिव्ह्यू वाचून कोणाला वाटेल की एवढी पकड आहे तर चला चिखलात, तर नाही, अजिबात नाही, हे मला जरा कळकळीने सांगायचंय. चिकणमातीत हा टायर चाकाच्या दहा-पंधरा फेऱ्यांतच भरून गुळगुळीत होतो, माती फोर्कच्या कमानीत आणि मागच्या फ्रेममधे अडकते, चाक फिरेनासं होतं. चिखलासाठी बनवलेले टायर जास्त टिकतील, पण प्रश्न टायर टिकण्याचा नाहीच. वितळलेल्या मऊ ट्रेलवर चाक गेलं की चर पडते, त्या चरीतून पुढचं पाणी वाहतं, ट्रेल मधोमध कापला जातो आणि सुकल्यावर ती चर दगडासारखी घट्ट होऊन बसते. मग सिझनभर तिथे प्रत्येकाचं चाक अडकतं. एका दुपारच्या मजेसाठी हे करायचं का? ज्यांनी फावडं घेऊन ट्रेल बांधायला एकदा तरी हात लावलाय त्यांना विचारा, एक वळण नीट करायला किती घाम गाळावा लागतो.

साधा नियम आहे, मागे वळून बघा, चाकाची खोल खूण राहतेय आणि टायरला माती चिकटून येतेय तर तिथूनच परत फिरा. मधेच छोटं डबकं लागलं तर त्याच्या मधून जा, कडेने जाऊन वाट रुंद करू नका, कडेचं गवत दोन-चार सायकलींनी मरतं आणि पायवाटेचा रस्ता होतो. सकाळी लवकर, जमीन गोठलेली असताना जाऊन ऊन चढायच्या आत परतणं हा चांगला मार्ग आहे, फक्त गोठलेल्या जुन्या चरींमधे पुढचं चाक अडकू देऊ नका, त्या अजिबात सोडत नाहीत. नाहीतर उन्हाकडच्या, मुरमाड, पाणी पटकन निचरा होणाऱ्या वाटा निवडा आणि काळ्या मातीचे, झाडीतले ट्रेल अजून काही आठवडे राहू द्या. आयएमबीए ही माउंटन बायकर्सची संस्था १९८८ मधे उभी राहिली तीच मुळात सायकलस्वारांना ट्रेलवरून हाकलून लावायला लागले होते म्हणून, आणि तिच्या नियमांत खुणा न सोडणं आणि फक्त उघड्या ट्रेलवर जाणं हे दोन्ही आहेत. ट्रेल बंदची पाटी असेल तर बंदच, सायकल उचलून पलीकडे जाण्यात काही मोठेपणा नाही. सुरुवातीला पायथ्याला चालणारे, धावणारे, कुत्री घेऊन येणारे सगळेच असतात, तेव्हा घंटी ठेवा, वेग आवरा, चढून येणाऱ्याला आधी जाऊ द्या.

बाकी सायकलीचं थोडक्यात. टायर कितीही धरोत, ब्रेक नीट नसतील तर उपयोग नाही. ओल्या, वाळूमिश्रित ट्रेलवर ऑरगॅनिक पॅड भराभर झिजतात, धातूचे सिंटर्ड पॅड जास्त टिकतात, आवाज जरा जास्त करतात. ते घ्यायच्या आधी तुमच्या डिस्कवर ते चालतात ना ते बघा, काही डिस्कवर फक्त रेझिन (म्हणजे ऑरगॅनिक) पॅडच वापरा असं कोरलेलं असतं. फोर्कमधला दाब थंडीत उतरलेला असतो, पंपाने तपासा, सॅग, म्हणजे आपल्या वजनाने फोर्क किती दबतो ते, पुन्हा सेट करा. चेन मोजायच्या पट्टीने मोजा आणि ०.५ टक्क्याच्या पुढे ताणली गेली असेल तर बदला, नाहीतर मागची कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) पण सोबत जाते.

हा सेटअप कोणासाठी नाही तेही सांगते. ज्यांची सायकल जास्त करून डांबरी रस्त्यावर चालते त्यांनी मऊ रबरचा टायर घेऊ नये, रस्त्यावर तो भुणभुण आवाज करतो, जड चालतो आणि मधले नॉब लवकर संपतात. ज्यांची सायकल दोन-दोन महिने हलत नाही त्यांना सीलंटची देखभाल नकोशी होईल, त्यांच्यासाठी चांगली ट्यूब आणि थोडी जास्त हवा पुरे. जुने अरुंद रिम, आतून २० मिमीच्या आसपासचे, असतील तर २.४ चा टायर त्यावर कमी हवेत वळणावर लोळतो, तिथे २.२ च्या पुढे जाऊ नका. आणि ट्यूबलेससाठी न बनवलेल्या रिमवर टेप मारून जुगाड करायचा मोह होतो, तो टाळा, वळणावर कड निसटली की हवा एका दमात जाते आणि आपण थेट जमिनीवर. टायरच्या आत फोमची गोल कडी टाकून अजून कमी हवेवर चालवणारेही असतात, जड आणि वेगवान रायडर्सना त्याचा फायदा आहे, पायथ्याच्या मध्यम ट्रेलवर मला गरज वाटली नाही.

झीज आत्तापर्यंत अपेक्षेप्रमाणे आहे. मागच्या टायरच्या मधल्या नॉबच्या पुढच्या कडा गोल झाल्यात, पुढच्याचे कडेचे नॉब अजून चौकोनी आहेत, मुळाशी कुठे तडे नाहीत. जमीन पूर्ण सुकून धूळ उडायला लागली की मागे एक-दीड पीएसआय वाढवणार आहे कारण तेव्हा वेग वाढतो आणि दगडावरचे तडाखेही. मागचा संपला की पुढचा काढून मागे घालायचा आणि पुढे नवा, कारण नव्या धारदार नॉबची गरज कायम पुढेच असते. सीलंटची तारीख मात्र मी फ्रेमवर छोट्या चिकटपट्टीवर लिहून ठेवलीये, ती बघूनच पुढचं भरणार.